लाल गोणीतला वारा

"वारा शून्य, पाऊस नाही, आकाश मोकळं," शेखरमामाने खांबाखालच्या छोट्या पडद्यावरचं वाचून दाखवलं. "चला मंडळी, पाण्याच्या बाटल्या घ्या. निघू या."

तेवढ्यात ओवेसच्या डोक्यावरची टोपी उडाली आणि तंबूंच्या रांगेतून लोळत जाऊन कड्याजवळच्या झुडपात अडकली.

"वारा शून्य?" इन्शा आपल्या भावाकडे बघत हळूच म्हणाली.

पाडवा आणि ईद एकाच आठवड्यात आल्यामुळे शाळेला सलग सुट्टी मिळाली होती. ओवेस, त्याची धाकटी बहीण इन्शा आणि त्यांच्याच इमारतीतली हर्षाली, अशी तिघं नाशिक रोडहून देवळ्याजवळच्या घोडमाळ डोंगरावर आली होती. डोंगराच्या माचीवर, म्हणजे माथ्याखालच्या सपाटीवर, एका जुन्या दगडी देवळाशेजारी हर्षालीच्या शेखरमामाचे तंबू होते. पर्यटक तिथे मुक्काम करायचे आणि मामा त्यांना माथ्यावर घेऊन जायचा. वाटेतला अवघड भाग म्हणजे कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि आधाराला लोखंडी साखळी.

गेल्या वर्षी मार्चमध्येच इथे गारपीट झाली होती. गुराख्यांची डोकी फुटली, शेळ्या मेल्या. म्हणून गावाने माचीवर हा खांब उभा केला. त्याच्या टोकाला वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्या होत्या. त्या फार जोरात फिरू लागल्या की खांबावरचा भोंगा वाजायचा. माथ्यावर आणि खाली गावातही तो ऐकू जायचा.

"मामा, आम्हीपण येतो ना," हर्षाली म्हणाली.

"उद्या सकाळी नेतो. आज ही विंचूरची मंडळी आहेत. केरूकाकांना त्रास देऊ नका." मामाने पाठपिशवी खांद्यावर टाकली आणि पर्यटकांना घेऊन तो चढू लागला. स्वयंपाक करणारा केरू तेवढा मुलांबरोबर मागे राहिला.

जेवणं झाली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. मग वारा एकाएकी पडला. हवा दमट आणि जड झाली. मघापासून टिवटिवणारे पक्षी गप्प झाले. माथ्याकडून एक शेळ्यांचा कळप उतरला. त्यांना कोणी हाकत नव्हतं, तरी त्या एकमेकींना ढकलत, घाईघाईने खाली निघाल्या होत्या.

"हर्षाली, तिकडे बघ," ओवेस म्हणाला.

कळवणच्या बाजूला ढग चढत होता. वरून पांढरा, फुललेल्या कोबीसारखा. पण खालून काळा, आणि त्या काळ्यात हिरवट झाक. बघता बघता त्याने सूर्य गिळला. माचीवर सावली पसरली आणि तिच्यामागोमाग गार वाऱ्याचा एक झोत आला, फ्रिजचं दार उघडावं तसा. तंबूंची कापडं फडफडू लागली.

इन्शा खांबाखाली धावली. "भाई, अजून शून्यच दाखवतंय."

तिघांनी वर पाहिलं. खांबाच्या टोकाला काहीतरी लाल गुंडाळलेलं होतं. सकाळी त्यांना ते झेंड्यासारखं वाटलं होतं. आता नीट पाहिल्यावर कळलं, ती कांद्याची जाळीदार गोणी होती. वाट्यांवर ती घट्ट बांधलेली होती.

"केरूकाका, ती गोणी कशाला बांधलीय?" हर्षालीने विचारलं.

केरू भांडी विसळत होता. त्याने मान वर केली नाही. "पाखरं घरटं करतस त्यामा. अन् ते यंत्र बिघडेल शे."

"मग गोणी काढून बघू या की. बिघडलेलंच असेल तर काय फरक पडतो?"

"हात लावानं नही." केरूचा आवाज चढला. मग तो पुटपुटला, "शेखरभाऊनी सांगेल शे. ते कव्हाबी वाजस. वाजलं का लोक माघारी जातस."

हर्षालीचे कान तापले. तिला वाटलं, आपण हे विचारायलाच नको होतं. याच मामाने तिला विहिरीत पोहायला शिकवलं होतं. शाळेत कोणी डोंगराचं नाव काढलं की ती अभिमानाने त्याच्याबद्दल सांगायची.

दूरवर ढग गुरगुरला.

"मामाला फोन लाव," ओवेस म्हणाला.

तिने लावला. पलीकडे फोन लागतच नव्हता. माथ्यावर रेंज नसायची.

"ते आता उतरायला लागले असतील," ओवेस म्हणाला. "त्या पायऱ्यांवर गारांनी गाठलं तर लपायला जागा नाही. मी खांबावर चढतो."

"वेडा आहेस का? विजा चमकतायत आणि लोखंडी खांबावर चढणार?" हर्षालीने त्याची बाही धरली. तिची नजर स्वयंपाकाच्या तंबूकडे गेली. तिथे केरूची लांब बांबूची आकडी टेकवलेली होती, चिंचा पाडायची. "त्याने गोणी ओढता येईल. पण केरूकाका देणार नाहीत."

"काकांना मी बघते," इन्शा म्हणाली आणि पाय न वाजवता तंबूच्या मागे गेली.

तिने एका खुंटीची दोरी सोडली. पुढचं काम वाऱ्याने केलं. तंबूची एक बाजू फाडकन उडाली आणि भाकरीच्या पिठाचा डबा आडवा झाला.

"काका, तंबू चालला," इन्शा ओरडली.

केरू धावला आणि कापडाशी झटू लागला. ओवेसने आकडी उचलली. खांबाभोवती तारेचं कुंपण होतं. हर्षालीने दोन तारा फाकवल्या आणि दोघं आत शिरली. आकडी जड होती. वाऱ्याने ती हलत होती. पहिल्यांदा ती गोणीवरून घसरली. दुसऱ्यांदाही. आभाळ लखलखलं तरी ओवेसने आकडी पुन्हा वर उचलली.

"दोघं मिळून धरू," हर्षाली म्हणाली.

आकडी जाळीत अडकली. दोघांनी अंगातलं सगळं बळ लावून खाली ओढलं. गोणी टरकन फाटली आणि वाऱ्यावर दरीत निघून गेली. वाट्या आधी अडखळल्या, मग इतक्या जोरात फिरू लागल्या की वेगळ्या दिसेनात.

भोंगा वाजला. लांबलचक, चढत जाणारा तो आवाज कड्यांवर आपटून परत येऊ लागला. खाली गावात कुत्री भुंकायला लागली.

केरू तंबू सोडून बघतच राहिला. मग त्याने एका हाताने इन्शाला उचललं. "पळा, देवळात पळा."

दगडी देवळात ते शिरले आणि पहिली गार पायरीवर फुटली. लिंबाएवढी होती. मग नुसता मारा सुरू झाला. छपरावर कोणी दगड ओतावेत तसा आवाज. तंबू एकामागून एक खाली बसले. इन्शाने हर्षालीचा हात घट्ट पकडला होता. तेवढ्यात पायऱ्यांच्या बाजूला वीज पडली आणि सगळा डोंगर हादरला.

"मामा," हर्षाली एवढंच म्हणाली.

गारपीट थांबली तेव्हा माची ओळखू येत नव्हती. सगळीकडे पांढरं, घोट्यापर्यंत बर्फच बर्फ, आणि त्यातून उठणारं धुकं. भोंगाही थांबला होता. तिघांनी माथ्याकडे हाका मारल्या. उत्तर आलं नाही. पुन्हा मारल्या.

बऱ्याच वेळाने वरून एक शिट्टी ऐकू आली.

केरूने चुलीतली सगळी राख बादलीत भरली. "पायऱ्या निसरड्या झाल्या असतीन. तुम्ही आठेच, देवळातच थांबा." तो एकेक पायरी चढत, बर्फावर राख टाकत वर गेला. थोड्या वेळाने धुक्यातून माणसं दिसू लागली. एकमेकांचे हात धरून, बसत बसत ती उतरत होती. हर्षाली मोजायला गेली, पण डोळे भरून आल्यामुळे तिला मोजता येईना. सर्वांत शेवटी मामा होता. त्याच्या कपाळाला रुमाल बांधलेला होता आणि रुमाल लाल झाला होता.

"आम्ही पायऱ्यांवर पाऊल टाकणार, तोच भोंगा वाजला," सुवर्णाताई नावाच्या पर्यटक बाई सांगू लागल्या. त्या विंचूरला शिक्षिका होत्या. "सगळे मागे फिरून वरच्या गुहेत शिरलो. शेखरभाऊ सर्वांत शेवटी आत आले, तेवढ्यात त्यांना गार लागली. नंतर वीज त्या साखळीवरच पडली. आम्ही तेव्हा साखळी धरून उभे असतो." मग त्यांनी मामाकडे वळून विचारलं, "भोंगा चालू होता, ते नशीब. नाही का?"

मामाने खांबाकडे पाहिलं. गोणी नव्हती. वाट्या हळूहळू फिरत होत्या.

"कोणी उघडलं?" त्याने विचारलं.

"आम्ही," हर्षाली म्हणाली. तिने मान खाली घातली नाही. "आणि झाकलं कोणी, ते तू सांग."

केरू राखेच्या बादलीकडे बघत राहिला.

"मी झाकलं," मामा म्हणाला. "दर दोन दिवसांनी वाजायचा. लोक घाबरून परत जायचे. मला वाटलं, एवढं काय होणार आहे. तुम्हा सगळ्यांना मी आज मरणाच्या तोंडी नेलं."

कोणीतरी रागाने पुढे आलं. सुवर्णाताईंनी त्याला हाताने थांबवलं आणि त्या मुलांजवळ आल्या. "मी वर्गात किती मुलांना शाबासकी दिली असेल," त्या म्हणाल्या, "पण आज काय म्हणावं ते सुचत नाही." त्यांनी तिघांनाही जवळ घेतलं. इन्शाचे ओठ गारठून निळे पडले होते. त्यांनी आपली शाल तिच्याभोवती गुंडाळली.

भोंगा ऐकून गावातले लोक ट्रॅक्टर घेऊन पायथ्याशी आले होते. सगळे उतरू लागले. बर्फ वितळून वाटेवर पाण्याचे ओहोळ झाले होते. मामा मागे रेंगाळत चालला होता. हर्षाली त्याच्यासाठी थांबली.

"तुझ्या आईला हे मी सांगेन," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तू नको सांगूस."

हर्षालीने त्याचा ओला, थंडगार हात धरला.

"सांग," ती म्हणाली. "पण मी शेजारी बसणार."