सोमवारी वाढणारा स्वेटर

“वहिनी, मेलेली बाई विणतेय म्हणे,” भाऊजी कुजबुजले.

वहिनी म्हणजे शहरातल्या नावाजलेल्या गुप्तहेर. भाऊजी त्यांचे दीर आणि मदतनीस. आधुनिक कलेच्या प्रदर्शनातली ही खोली पांढरीफटक होती. मधोमध एक खुर्ची, तिच्यावर अर्धवट राखाडी स्वेटर, सुया तशाच खोचलेल्या. जिचं हे प्रदर्शन, ती चित्रकर्ती हा स्वेटर विणता विणताच गेली. आणि आता दर मंगळवारी स्वेटर चार बोटं वाढलेला दिसत होता. भाऊजींना इथे फार वेळ थांबवत नव्हतं.

“सोमवारी संग्रहालय बंद. आत येतात फक्त ही तिघं,” संचालक म्हणाले. “किल्ली पहारेकऱ्याकडे. आज उलगडा झाला नाही, तर उद्यापासून तो घरी.”

“साहेब, मला साधं बटण लावता येत नाही,” पहारेकरी उघडे हात चोळत रडकुंडीला आला. “मंगळवारी हे दार मी देवाचं नाव घेऊनच उघडतो.”

सफाईवाल्या मावशींनी ओले रबरी हातमोजे दाखवले. “मी फरशी पुसते. खुर्चीला शिवायची आम्हाला बंदी.”

कलावस्तूंची निगा राखणारी बाई पांढरे सुती हातमोजे घालूनच बोलत होती. “मी ब्रशने धूळ झटकते, बस्स. ती पुटपुटत टाके मोजायची. कधीकधी वाटतं, अजून मोजतेय.”

वहिनींनी भिंग काढलं. विणीच्या नव्या भागात बारीक पांढरे तंतू अडकले होते. जुन्या भागात एकही नव्हता.

“भुताचे केस!” भाऊजी मागे सरले.

“उचलली जीभ लावली टाळ्याला! भाऊजी, हा कापूस आहे.” वहिनी तिघांकडे वळल्या. “हातमोजे घालून कोणी विणत नाही, बोटं अडखळतात. पण इथल्या वस्तूला उघड्या हाताने शिवायचं नाही, हे ज्याच्या अंगात मुरलंय, तो विणतानाही ते काढत नाही. पहारेकऱ्याकडे मोजे नाहीत, मावशींचे रबरी. आणि बाई, ती टाके कसे मोजायची, हे इथल्या माहितीच्या फलकावर लिहिलेलं नाही. तुम्ही तिच्या कोण?”

बाईंचे खांदे पडले. “धाकटी बहीण. माझ्यासाठीच घेतला होता विणायला. दर सोमवारी मी नोंद करायची, ‘अपूर्ण, स्थिती ठीक.’ ते ‘अपूर्ण’ लिहवत नव्हतं हो.”

पहारेकरी पुढे आला. “आणि माझ्या पोटावर पाय येत होता, ते दिसत नव्हतं?”

“दिसत होतं,” ती म्हणाली. “कालच सांगणार होते. पण फक्त गळा राहिला होता.”