सव्वा मूठ

मे महिन्यातल्या एका सकाळी तोताराम नानाने जुना कॅसेट डेक टॉवेलात गुंडाळला, वरून सुतळी आवळली आणि गाण्याचा नवा सेट बघायला जळगावच्या बाजारात निघाला. एवढंच काम. यात भ्यायचं काय, असं तुम्ही म्हणाल. आधी ऐकून घ्या, मग म्हणा.

नाना बहात्तर वर्षांचा. चाळीस वर्षं डाळमिलमध्ये काढलेली. चक्क्यांनी कान अर्धे खाल्ले होते, आणि उरलेल्या अर्ध्या कानांनी बापाला फक्त दुसऱ्याच्या चुका ऐकू येतात, असं त्याचा मुलगा समाधान म्हणायचा. नानाला शौक एकच, गाण्याचा सेट. घरी जुना ॲम्प्लिफायर होता, लाकडी खोक्यांतले दोन स्पीकर होते, आणि त्यांना हात लावणाऱ्याची सात पिढ्यांची आठवण नाना काढायचा.

मिलमधून आला की त्याला घरात भांडं वाजलेलं चालायचं नाही. बायको झुंबरबाई काही बोलायला लागली की हा म्हणायचा, "हाळू बोल." ती हळू बोलायची. हा आणखी हळू बोलायला लावायचा. सेट मात्र गल्लीला ऐकू जाईल एवढा. अशी तीस वर्षं गेली. मग झुंबरबाई गेली. त्यालाही आता नऊ वर्षं झाली.

तर एप्रिलात काय झालं, सून कोकिळा सैपाकघरातून ओरडली, "नाना, जेवाले या!" नाना उठला आणि दारातच थांबला. झुंबर कशी बोलवायची? त्याला आठवेना. तोंड आठवत होतं, ते भिंतीवर फोटोत होतं. हात आठवत होते. आवाज आठवत नव्हता. दोन दिवस त्याने डोकं खाजवलं. आवाज गेला तो गेलाच.

घरात तिचा आवाज असलेली एकच कॅसेट होती. सत्त्याण्णव सालच्या कानबाईची. श्रावणात कानबाई, ही खान्देशची देवी, बसते तेव्हा त्यांच्या घरी रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू काढायची रीत अशी, की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडायचा. जित्या पुरुषाच्या. मेलेल्याची मूठ निघत नाही. मूठ थोरल्या सुनेच्या हाताची. भोवती बसलेल्या बाया मिळून एकेकाचं नाव ओरडायच्या आणि ती गहू सोडायची. तिच्या नवऱ्याची मूठ सगळ्यात शेवटी. ती आली की बाकीच्या मुद्दाम गप्प बसायच्या. आता घे म्हणावं नाव! ती कुठली घेते. खाली बघून एकटीनेच म्हणायची, "यासनी." म्हणजे 'ह्यांची'. मग हशा.

नानाने त्या वर्षी गाणी भरायला टेप खिडकीत ठेवला होता आणि जरा आधीच चालू केला होता. त्यामुळे गाण्यांच्या आधी ही मोजणी भरली गेली. बारा बायांच्या गलक्यात झुंबरचा एकटीचा आवाज होता तो एवढा एका शब्दापुरता. आणि घरच्या सेटवर नेमकी ती जागा आली की नुसती घूंऽऽ अशी घरघर.

समाधानने आधी एक लहानसा गोल स्पीकर आणून दिला. नानाने तो तळहातावर उलटासुलटा केला. "हाऊ तंबाखूना डबा कसाले आना?" म्हणाला आणि परत दिला.

म्हणून ही बाजारवारी.

जळगावच्या त्या दुकानात वर काचेची खोली होती. आत गार, जमिनीला गालिचा. विकणारा किरण नावाचा मुलगा, तिशीतला, केसांना तेल नाही. त्याने आधी आपलं काहीतरी लावून दाखवलं. खोली हादरली.

"नाना, बास बघा कसा पोटात लागतो."

"पोटात ढोल वाजवायला मी काय नवरदेव आहे? ते काढ. हे लाव."

टॉवेल सुटला. डेक जोडला. ॲम्प्लिफायर एकच, स्पीकरच्या जोड्या तीन. किरण बटण फिरवून एकेक जोडी लावत गेला. पहिल्या जोडीवर बाया पत्र्याच्या पेटीत बसल्यासारख्या वाटल्या. दुसऱ्या जोडीवर बांगड्या ऐकू आल्या. तिसरी जोडी छातीएवढी उंच, तिच्यावर तर घरच आलं. सूप जमिनीवर टेकल्याचा आवाज, कुणीतरी खोकलं, आणि बाया ओरडल्या, "हाई आबासनी!" मागून सुपात गहू पडले, सर्रर्र. "हाई पुनानी!" सर्रर्र. "हाई समाधाननी!" सर्रर्र. आबा म्हणजे नानाचा बाप, पुना धाकटा भाऊ. दोघंही आता नाहीत. समाधान तेव्हा आठ वर्षांचा.

मग सगळं गप्प झालं. ती जागा. घरघर नव्हती. तिथे कुणीतरी श्वास घेतला, आणि पुढे काहीच नाही.

"परत लाव."

किरणने परत लावलं. पाच वेळा लावलं. पोरगा शहाणा होता, कंटाळा दाखवला नाही.

"नाना, जे कोण बोलतंय ते फार हळू बोलतंय."

"सवय होती तिला."

"एवढं हळू बोलायची?"

"लावलेली," नाना म्हणाला. टॉवेल गुंडाळायला लागला, तर सुतळीची गाठ बसेना. किरणने बांधून दिली आणि एका कागदावर पत्ता लिहिला. धुळ्याला पंडित म्हणून एक म्हातारा कारागीर आहे, काचेच्या नळ्यांचे ॲम्प्लिफायर हाताने जोडतो. माणसाचा आवाज ऐकायचा असेल तर त्याच्याकडेच. हे सांगून आपलं गिऱ्हाईक घालवणारा दुकानदार नानाने पहिल्यांदा बघितला. तरी जाताना म्हणालाच, "तुझे स्पीकर बोदे, बहिरे आहेत."

चार दिवसांनी नाना धुळ्याच्या एसटीत बसला. डेक मांडीवर. पारोळ्याला एक म्हातारी चढली. बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "नाना, लेकरू उन्हमा मरी जाई. तोंडवरनं फडकं तरी काढा."

"लेकरू नही, मशीन शे."

"मंग इतलं मायेनं कसाले धरेल शे?"

नाना खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर झळा नाचत होत्या.

पंडितच्या गल्लीत पोचायला दुपारचे दोन झाले. खान्देशातली मे महिन्यातली दुपार ज्याने बघितली नाही त्याला वाटतं, भिण्यासारखी फक्त रात्रच असते. दोन वाजता गल्लीत चिटपाखरू नसतं. दारं बंद, खिडक्यांना ओली पोती. कुत्री गटारीत पडलेली. ऊन एवढं पांढरं की सावलीसुद्धा कुठेतरी निघून जाते. आपल्याच चपलेचा आवाज मागून आल्यासारखा येतो. नानाने दोनदा वळून बघितलं.

पंडित टकला, जाड चष्म्याचा, बोलायला कर भरावा लागतो असा. खोलीत राळेचा आणि तापल्या धुळीचा वास. भिंतीपासून हातभर पुढे दोन मोठाले स्पीकर, आणि टेबलावर तो ॲम्प्लिफायर. नळ्या निखाऱ्यासारख्या मंद लाल. पुढे काचेच्या चौकटीत एक काटा. आवाज मोठा आला की तो काटा उजवीकडे झुकतो.

"काय ऐकायचंय?" पंडितने विचारलं.

"एक शब्द."

पंडितने मान हलवली. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून डेकचं हेड पुसलं. कापूस काळा झाला. दुसरा बोळा घेतला, तो पांढराच राहिला तेव्हा कॅसेट आत घातली. नानाला खुर्ची दोन्ही स्पीकरच्या मधोमध मांडून दिली आणि कूलर बंद केला.

कूलर थांबला तशी दुपार खोलीत शिरली. घामाचा एक थेंब नानाच्या कानामागून खाली गेला. कॅसेट फिरू लागली.

बांगड्या. सूप. खोकला. काटा हलत होता. मग वास आला. राळेचा नव्हे. दळलेल्या गव्हाचा, ऊन ऊन पिठाचा. नाना आयुष्यभर डाळीत राहिला, पण गव्हाचा वास न ओळखायला तो काय मुंबईचा होता?

"हाई समाधाननी!" बाया ओरडल्या. सर्रर्र.

नाना दचकला. आबाची मूठ कुठे गेली? पुनाची?

"हाई स्वप्नीलनी!" सर्रर्र.

स्वप्नील हा समाधानचा मुलगा, नानाचा नातू. सात वर्षांचा. झुंबर गेली तेव्हा तो जन्मलेलाही नव्हता.

मग सगळ्या गप्प झाल्या. काटा डावीकडे जाऊन पडला. नानाने खुर्चीचे हात घट्ट धरले. कुणीतरी श्वास घेतला… आणि पुढे काही नाही. श्वास तिथेच थांबलेला.

"जोरमा बोल," नाना पुटपुटला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिचं नाव घेऊन हाक मारली. "जोरमा बोल ना, झुंबर. आते तुले कोनी काही म्हनत नही…"

"…आयकू येस का तुमले?"

तोच. तोच आवाज. जरासा बसका, शब्दाच्या शेवटी वर जाणारा. नानाचे डोळे एकदम भरले. एवढा सोपा होता, आणि आपण विसरलो कसे?

"येस," नाना म्हणाला.

"मंग मी हाळूच बोलस… सवय पडी गई." बोलण्यात हसू होतं. रुसवा नव्हता, हे नाना अजून सगळ्यांना सांगतो. मग ती म्हणाली, "हाई यासनी…"

नाना गव्हाची वाट बघत राहिला. सर्रर्र असा आवाज व्हायला हवा होता. झाला नाही.

"…हाई मूठ मी धरी ठेवस."

खट्. पंडितने डेक बंद केला होता. त्याच्या टकलावर घाम आणि अंगावर काटा, दोन्ही एकदम.

"स्वप्नील कोण?" त्याने विचारलं.

"नातू."

पंडितने कॅसेट काढून वरची चिठ्ठी वाचली. नानाच्याच गिचमिड अक्षरात साल लिहिलेलं होतं, सत्त्याण्णव. त्याने ती जपून परत आत घातली, मागे फिरवली आणि पुन्हा लावली. या वेळी आबांची मूठ पडली. पुनाची पडली. समाधानची पडली. मग शांतता, आणि त्या शांततेत अगदी बारीक, पण स्वच्छ, "यासनी." सर्रर्र. हशा. काटा प्रत्येक आवाजाला हलला. जे कॅसेटवर होतं ते हेच.

"मघाशी बाई बोलत होत्या तेव्हा," पंडित हळूच म्हणाला, "काटा हलला नव्हता, नाना. तो आवाज माझ्या मशीनमधून आलेला नाही."

नाना म्हणाला, "मशीन बांधून दे."

संध्याकाळच्या गाडीने तो डेक आणि ॲम्प्लिफायर घेऊन जळगावला आला. घरी कोकिळाने डेकवरचा टॉवेल सोडला आणि म्हणाली, "नाना, आठे गहू कसा?"

टॉवेलाच्या घडीत गहू होते. कोकिळाने हात लावला. "ओला शे."

नानाने ते आपल्या मुठीत घेतले. मूठ भरेना, हात मोठा. मग त्याने ते कोकिळाच्या हातात ओतले. तिची मूठ भरली आणि पाव मूठ वर उरली. बाईच्या हाताची सव्वा मूठ. घामेजलेल्या हातात बराच वेळ धरून ठेवल्यासारखे ते दाणे होते. बाहेर तर दिवसभर पंचेचाळीस डिग्री ऊन पडलं होतं, ओलं धोतर पाच मिनिटांत कडक होत होतं.

ते गहू वाटीत घालून नानाने नव्या ॲम्प्लिफायरवर ठेवले. रोज संध्याकाळी तो कॅसेट लावतो, आबा-पुनाच्या मुठी ऐकतो, 'यासनी' ऐकतो, आणि बंद करतो. गल्लीला ऐकू जाईल एवढं आता लावत नाही. समाधान म्हणतो, बापाला सेट लाभला, दोन महिने झाले कुणाची पिढी काढली नाही. सकाळी उठल्यावर नाना वाटीत बोटं घालतो, लेकराचा ताप बघावा तशी. गहू ओलेच. ओल्या गव्हाला तीन दिवसांत मोड येतात. यांना मोडही नाहीत.

श्रावण लागला. परवा कोकिळा सूप घासून घेऊन आली आणि वाटीकडे बघून विचारलं, "नाना, यंदा तुमनी मूठ मी नवी काढू, का हाईच सुपमा टाकू?"

"माले काय इचारस? तिले इचार," नाना खेकसला.

कोकिळा हसली. पदर डोक्यावर घेऊन सेटपुढे वाकली आणि म्हणाली, "आत्या, तुमनी धरेल मूठ सुपमा टाकू का?"

सेट बंद होता. भिंतीवरचं बटणही बंद होतं. नळ्या गार, काळ्या. पण चौकटीतला काटा जागचा उठला, हळू बोलणाऱ्या माणसाला लागतो तेवढाच, आणि परत बसला. आवाज काही आला नाही.

काय म्हणाली, हो की नाही, ते कोकिळाला कळलं नाही. नानाला कळलं असेल तर त्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही. कानबाई बसायला आठ दिवस आहेत, आणि सुपात मूठ पडते ती जित्याचीच. वाटीतले गहू आज सकाळीही ओले होते.