मंदाकिनीबाईंचं कलम

फाशी आणि जन्मठेप दोन्ही बंद होऊन बराच काळ लोटला होता. खुनी माणसाला न्यायाधीश आता ‘कलम’ सुनावत. हे कलम कायद्याच्या पुस्तकातलं नव्हे, आंब्याच्या झाडाला बांधतात तसलं. एखाद्या सज्जन माणसाच्या सदसद्विवेकाची प्रत गुन्हेगाराच्या मनावर बांधायची, आणि ती तिथे रुजली की त्याला घरी सोडायचं.

मंदाकिनी गावंडे यांच्या विवेकाचं कलम अनुप ठोसर नावाच्या माणसाला बांधलं होतं. अमरावतीच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या या बाईंनी उभ्या आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता. दाते निवडणाऱ्या समितीला असंच माणूस हवं होतं. अनुपने गाडी लावण्यावरून झालेल्या वादात एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याला सळईने मारून टाकलं होतं, आणि त्या पहारेकऱ्याची बायको कोर्टात साक्ष देत असताना तो जांभया देत बसला होता.

कलम झालं आणि चार-पाच महिन्यांनी चिखलदऱ्याच्या केंद्रातून डॉ. यामिनी धाबेकरांचा फोन आला. “बाई, जरा येऊन जाल का?”

मंदाकिनीबाई दुसऱ्याच दिवशी गेल्या. डॉक्टरांच्या खोलीत बाहेरचं धुकं खिडकीला टेकलं होतं.

“आम्ही तुमच्यातलं नेमकं काय घेतलं ते पुन्हा एकदा सांगते,” डॉक्टर म्हणाल्या. “माणसाच्या मनाचे तीन भाग धरा. एक नुसतं हवं-हवं म्हणणारा, तो इदम्. दुसरा बाहेरच्या जगाशी जुळवून घेणारा, तो अहम्. आणि तिसरा पराहम्. लहानपणी आईबाप रागावतात, नावं ठेवतात, ते हळूहळू आपल्या आत जाऊन बसतं आणि आईबाप गेल्यावरही बोलत राहतं. हा आवाज मेंदूतल्या पेशींच्या एका जाळ्यात असतो. ते जाळं आम्हाला वाचता येतं आणि दुसऱ्याच्या मेंदूत तसंच विणताही येतं.”

“अनुपला ते नव्हतंच?”

“होतं, पण अगदी विरलेलं. आता त्याच्याकडे तुमचं आहे.”

“मग बिघडलं कुठे?”

“तो जेवत नाही, बाई.”

आपल्या खोलीत अनुप त्यांना पाहून उठून उभा राहिला. कोर्टातल्या चित्रफितीत पाहिलेला आडदांड माणूस तो हाच, हे त्यांना पटेना. गालाची हाडं वर आली होती. त्याने खुर्ची पुसून पुढे केली.

“का रे जेवत नाहीस?” त्यांनी विचारलं.

“परवा हातून पेला फुटला,” तो खाली बघत म्हणाला. “लगेच आतून आलं, तुझ्या हाती काही दिलं की ते मोडणारच. मग ताट आलं. तर म्हणे, आता कोणत्या तोंडानं जेवायला बसतोस...”

“...आधी कुणाच्या तरी उपयोगी पड,” मंदाकिनीबाईंच्या तोंडून निघून गेलं.

अनुपने चमकून वर पाहिलं. “तुम्हाला कसं ठाऊक?”

ते शब्द बाईंच्या आईचे होते. त्यांच्या आईने त्यांना कधी चापटसुद्धा मारली नव्हती. मुलीचं काही चुकलं की आई स्वतःचं ताट बाजूला सारायची, हेच शब्द बोलायची आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहायची. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. शब्द मात्र गेले नव्हते.

बाई डॉक्टरांच्या खोलीत परत आल्या. “त्याला जे ऐकू येतं, ते मलाही येतं,” त्या म्हणाल्या. “रोज.”

“कधीपासून?”

“कळायला लागल्यापासून. मला वाटायचं, सगळ्यांनाच ऐकू येतं.”

डॉ. धाबेकर म्हणाल्या, “नाही बाई. इतकं नाही.” त्यांनी चष्मा काढून ठेवला. “चूक आमची आहे. आम्ही वागणं बघून दाते निवडले. राग सगळ्यांनाच येतो. तो कुणावर निघाला नाही, तर विरून जात नाही. पराहम् तो उचलतो आणि ज्याचा त्याच्यावरच उगारतो. बाहेरून जितकं माणूस मवाळ, तितका आतला आवाज कडक. तुम्ही त्याला गप्प करायला आयुष्यभर शिकत आलात. शाळा, मुलं, शेजारपाजार, सतत कुणाचं तरी करत राहणं. अनुपला तो एका दुपारी मिळाला. आणि तुमच्या हातून फार तर पेले फुटले असतील. त्याच्या हातून माणूस गेलाय.”

“मग काढून टाका ना ते.”

“पेशी एकमेकींत गुंतल्यात. काढायला गेलो तर त्याची वाचा जाईल, ओळख जाईल. काय उरेल सांगता येत नाही.”

मंदाकिनीबाई केंद्रातच राहिल्या. आपल्याला जमतं ते त्या अनुपला शिकवू लागल्या. “दुसऱ्याचं काही करत असलं ना, की तो आवाज जरा थांबतो. तेवढ्यात दोन घास खाऊन घ्यायचे.” अनुपने सगळ्यांची भांडी घासली, आजाऱ्यांची अंगं पुसली, ओसरी झाडली. चार-सहा दिवस थोडा भात पोटात गेला. डॉक्टरांच्याही चेहऱ्यावर जीव आला.

मग एका दुपारी त्याने ताट हळूच परत सरकवलं.

“बाई, तुम्ही ज्यांचं करता ती माणसं आहेत. मला ज्याच्या उपयोगी पडायचंय, तो नाहीये.”

बाईंच्या आतल्या आवाजाला त्याचं म्हणणं पटलं, हे त्यांना स्पष्ट जाणवलं आणि त्या घाबरल्या.

पुढे नाकातून नळी घातली, ती त्याने काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. दर वेळी तो नर्सची माफी मागायचा. आठवडा भरायच्या आत तो गेला.

चौकशी झाली. कलम व्यवस्थित रुजलं होतं आणि माणूस समाजाला धोकादायक राहिला नव्हता, असा निष्कर्ष निघाला. “तुमचा यात काहीएक दोष नाही,” निरोप देताना डॉक्टर म्हणाल्या. मंदाकिनीबाईंनी मान हलवली आणि अमरावतीची गाडी धरली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला.

“तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. अनुपचे पहिले महिने फार चांगले गेले होते. ते बघून तुमचीच प्रत बाकीच्या केंद्रांतही वापरली गेली. चाळीसेक जणांना. आज सकाळी त्यांना अनुपची बातमी कळली. त्यांच्यातल्या कुणी अनुपला पाहिलेलं नाही, ते एकमेकांनाही ओळखत नाहीत. पण दुपारपासून एकानेही ताटाला हात लावलेला नाही. प्रत्येक जण म्हणतो, तो माझ्यामुळे गेला.”

मंदाकिनीबाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

“बाई, तुम्ही जेवलात?”

“नाही.”

“कधीपासून?”

“आल्यापासून.”

डॉक्टर अगदी हळू म्हणाल्या, “मग तुम्हीच सांगा. काय ऐकलं तर तुम्ही जेवाल? कुणी कोणतं वाक्य बोलावं? ते मला सांगा, मी आत्ता चाळीस जणांना तेच सांगते.”

प्रश्न बरोबर होता. मंदाकिनीबाईंनी डोळे मिटले आणि मनापासून शोधायला सुरुवात केली. दोष तुझा नाही. झालं ते झालं. तू पुष्कळ केलंस. एकेक वाक्य त्या आतल्या आवाजापुढे धरत गेल्या आणि तो एकेक परत करत गेला.

“बाई? ऐकताय ना?”

“हो,” त्या म्हणाल्या. “थांबा जरा. शोधतेय.”

डॉक्टर थांबल्या. बाहेर अंधार पडला, तरी त्या दोघींपैकी कुणीही फोन ठेवला नाही.