दुमडलेला कोपरा

दार लोटून घ्या, आणि तो मोबाइलचा उजेड माझ्या डोळ्यांवरून काढा. मधे कोणी "मग पुढे काय?" म्हटलं, तर मी उठून झोपायला जाणार. आणि ही ऐकीव गोष्ट नाही हं. ज्याच्यावर गुदरली तो माझ्याच वर्गातला, अजून धडधाकट आहे, आणि थापा मारायला लागते तेवढी कल्पनाशक्ती त्याला देवाने दिलेली नाही.

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार. रात्रीचे साडेनऊ. हा मित्र कोपऱ्यावरच्या दुकानात टॉर्चचे सेल घ्यायला गेला होता. दुकानदार शटर ओढत होता.

"आत्ता कशाला सेल? वीज तर आहे की."

"सरळ उजेड नको, आडवा हवाय," मित्र म्हणाला. दुकानदाराने 'याला चढली की काय' अशा नजरेने बघत सेल काढून दिले.

तो एका मोठ्या ग्रंथालयात जुन्या कागदपत्रांच्या विभागात आहे. थोरामोठ्यांच्या मागे राहिलेले कागद तिथे खोक्यांतून येतात. हा त्यांची धूळ झटकतो, गंजलेल्या टाचण्या काढतो, आणि जिथे घडी दिसेल तिथे ओलसर टीपकागद लावून, वर वजन ठेवून ती सपाट करतो. कागद आधी घडीवरच फाटतो ना, म्हणून. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. ग्रंथालयात सगळे त्याला इस्त्रीवाला म्हणतात. घरी त्याला कोणी काहीच म्हणत नाही, कारण घरी कोणी नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. सुट्टीच्या दिवशी त्याच्या तोंडून काही निघालंच, तर ते दूधवाल्यापुढे.

त्या साली एका कवीचे कागद आले होते. नुसता कवी नव्हे, जुन्या काव्याचा मोठा अभ्यासक. त्याची पुस्तकं कॉलेजात लावलेली. इस्त्रीवाला मान मोडून कामाला लागला. कवितांच्या कच्च्या कागदांपैकी कितीतरी कागदांचा वरचा कोपरा दुमडलेला होता. याने एकूण एक कोपरा सरळ केला, तोही असा की कधी दुमडलाच नव्हता म्हणावं. आणि मग त्याच गुरुवारी संध्याकाळी कवीच्या मुलीचा फोन आला.

"काका, उद्या सकाळी येते मी. खरं सांगू? मला बाबांचं काही बघायचं नाहीये. आईचे कोपरे बघायचेत."

"कोपरे?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"बाबा कविता लिहून झाली की आईला वाचून दाखवायचे. आई 'वा' म्हणायची नाही की मान डोलवायची नाही. आवडली तर कागद हातात घेऊन कोपरा दुमडायची. कोपरा दुमडला की कविता छापायला जायची, नाही तर गठ्ठ्यात. बाबांचं सगळं जगाकडे आहे हो. आईचं एवढंच. एक फोटो आहे, तोही हललेला. आई गेल्यावर बाबा लिहीतच होते. पण छापलं काही नाही. लोक म्हणाले, आटले. आटले कसले! कोपरा दुमडायला कोणी राहिलं नव्हतं."

इस्त्रीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "या," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

घरी जाऊन जेवायला बसला तो भरल्या ताटावरून उठला. एका बाईची जगातली शेवटची खूण त्याने स्वतःच्या हाताने, वर शाबासकीची वाट बघत, पुसून टाकली होती. मग त्याला आठवलं, कागद कितीही दाबला तरी घडीची रेघ मरत नाही. अंधारात टॉर्च टेबलावर आडवा ठेवला, तर तिची बारीक सावली पडते. म्हणून ते सेल.

ग्रंथालयाची किल्ली त्याच्याकडे असतेच. रखवालदार फाटकाशी पेंगत होता, त्याने हात वर करून सोडलं. वरच्या मजल्यावर व्हरांड्याच्या टोकाला याची खोली. मधोमध लांब टेबल, दोन्ही बाजूंना खुर्च्या, भिंतीला कपाटं. त्याने दिवा लावला, खोकी टेबलावर मांडली आणि दिवा बंद केला. टॉर्च आडवा ठेवला. पट्टीएवढा उजेड. बाकी खोली काळी.

रेघ सापडली की तिच्यावरच कोपरा हलक्या हाताने दुमडायचा. पुढचा कागद. पुन्हा पुढचा. बऱ्याच रेघा सापडल्या. काही कागद मात्र त्याने इतके सुरेख दाबले होते की काही म्हणजे काही दिसेना. स्वतःच्या कसबावर असा चिडलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मध्यरात्र उलटून गेली. शेवटी एक गठ्ठा उरला. कवीची बायको गेल्यानंतरच्या कविता. यांचे कोपरे कोणी दुमडलेच नव्हते, तेव्हा शोधायचं काही नव्हतं. खोक्यात ठेवून घरी जायचं, बस्स. पण घरी जाऊन तरी काय, असं त्याला वाटलं. आणि त्या कवीची त्याला दया आली. एवढी वर्षं माणूस लिहितो काय, आणि ऐकायला कोणी नाही! त्याने फीत सोडली. वरचा कागद उचलला. आणि मोठ्याने वाचायला लागला.

स्वतःचाच आवाज ऐकून आधी तो दचकला. मग खाकरला, आणि पुन्हा सुरुवात केली.

"दिवा लावलाय, वाचायला बसलोय,
समोर कोणी नाही
म्हणून जरा थांबत थांबत वाचतोय…"

पुढे अजून आठ-दहा ओळी होत्या. वाचता वाचता तो दोनदा अडखळला. कवीच्या दुःखाने की स्वतःच्या, ते त्यालाही सांगता येत नाही. कविता संपली. वाचलेला कागद पलीकडे सारायची त्याची सवय. त्याने तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूला सारला, उजेडाच्या बाहेर.

मग शांतता.

समोरची खुर्ची सरकली नाही. वारा सुटला नाही. तसलं काहीही झालं नाही. फक्त मघाशी खोली रिकामी होती… आणि आता नव्हती.

कोणीतरी ऐकत होतं. ऐकून झालं होतं. विचार चालला होता.

त्याने मान वर केली नाही. हात टेबलावर तसेच. बोटं गार.

वाट बघितली…

पलीकडे अंधारात कागद उचलला गेला. अगदी हळू.

मग एक आवाज. कर्र… नख कागदावरून ओढावं तसा.

मग कागद खाली ठेवला गेला.

इस्त्रीवाला उठला कधी, दाराला कुलूप लावलं कधी, जिना उतरला कधी, त्याला ठाऊक नाही. रखवालदाराने विचारलं, "साहेब, झालं काम?" हा तोवर फाटकाबाहेर पोचला होता.

सकाळी कवीची मुलगी आली तेव्हा तो व्हरांड्यातच उभा होता. तिच्यासमोरच त्याने कुलूप काढलं. टेबलावर टॉर्च अजून मिणमिणत होता. त्याने सगळं कबूल केलं, कोपरे सपाट केले तेही आणि रात्री पुन्हा दुमडले तेही. पुढचं सांगायला जीभ रेटली नाही.

बाईंनी एक कोपरा बोटांनी चाचपला. दुसरा चाचपला. त्यांचे डोळे भरून आले.

"तुम्ही मनापासून केलंत काका. पण या घड्या तुमच्या आहेत. आई कोपरा दुमडून त्यावर अंगठ्याचं नख दाबून ओढायची. टोकाला चंद्रकोरीसारखी खूण उमटायची. ती आता कुठेच नाही."

इस्त्रीवाल्याला हे नखाचं आदल्या दिवशी फोनवर कोणी सांगितलं नव्हतं. तो काही बोलायच्या आत बाईंनी टेबलाच्या पलीकडे एकटाच पडलेला कागद उचलला. आणि त्याच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"ही आईची…" त्या म्हणाल्या. मग त्यांनी कवितेखालची तारीख वाचली. ती आई गेल्यानंतरची होती.

ती एक कविता पुढे छापून आली. बाकीचा गठ्ठा अजून तसाच आहे. इस्त्रीवाला हल्ली सगळे घरी गेले की त्यातली रोज एक मोठ्याने वाचतो. दुसरा कोपरा काही दुमडला नाही. कवीची बायको भारी चोखंदळ असणार. मी त्याला विचारलं, "अरे, भीती नाही वाटत?" म्हणाला, "वाटते ना. पण घरी तरी माझं कोण ऐकतंय?"

तो कागद मात्र मी पाहिलाय, दिवसाढवळ्या, या डोळ्यांनी. कोपरा अजून दुमडलेला आहे, त्याने त्याला टीपकागद लावलेला नाही. टोकाला नखाची खूण आहे, बारीकशी. हा बघा माझा अंगठा. मी तो तिच्यावर ठेवून पाहिला, मित्रालाही ठेवायला लावला.

दोघांचीही नखं तिच्यापेक्षा मोठी भरली.