घर मनकर्णेच्या नावावर

पाण्याचा पहिला फवारा मनकर्णेच्या तोंडावर आला, दुसरा इस्त्रीच्या साडीवर, आणि तिसऱ्याची वाट न बघता तिनं आवाज चढवला, "अहो! माणूस दिसत नाय का?"

नळापाशी एक गृहस्थ उकिडवे बसून मोटारीचा निसटलेला पाईप दोन्ही हातांनी दाबून धरत होते. वर न बघताच म्हणाले, "दिसतं की! पण हात सोडला तर सगळी गल्ली भिजंल. तुमच्या एकटीवर भागलं असं समजा."

मग त्यांनी मान वर केली… आणि जरा जास्तच वेळ वर ठेवली. पिकलेल्या मिशा, कोपरापर्यंत दुमडलेला शर्ट, त्याचं वरून दुसरं बटण वेगळ्याच रंगाचं. मनकर्णेनं ते बटण आधी टिपलं आणि डोळे मागाहून. पण डोळे टिपले ते टिपलेच.

तिला मनकर्णाबाई म्हणायला हवं, वय एकसष्ट आहे. पण गोष्ट प्रेमाची आहे, तेव्हा मी आपलं नुसतं मनकर्णाच म्हणणार. कुणाला राग येवो.

तर मनकर्णा त्या दिवशी उस्मानपुऱ्यात घर बघायला आली होती. सिडकोतलं दोन मजली घर तिला आता झेपत नव्हतं. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, मुलगा पुण्याला, आणि जिना चढताना गुडघे रोज नवं भांडण काढायचे. ते घर विकायचं आणि तळमजल्यावर एक छोटंसं, ऐपतीतलं, बिनधोक घर घ्यायचं, एवढं तिनं ठरवलं होतं. घर बघण्याची तिची पद्धत मात्र तिची स्वतःची होती. आपल्या संभाजीनगरात नळाला पाणी रोज येत नाही, हे काय सांगायला पाहिजे? ज्या गल्लीत घर बघायचं, तिथला पाण्याचा दिवस ती आधी विचारून घ्यायची आणि नेमकी त्याच वेळी जाऊन उभी राहायची. एजंट काय, सगळंच गोड सांगतो. पण आठ दिवसांनी तासभर पाणी आलं की गल्ली खरी कशी आहे ते दिसतं. कोण कुणाच्या आधी मोटार लावतो, म्हातारीचा हंडा कोण उचलून देतो, कोण कुणाला शिव्या घालतो… सगळं तासाभरात कळतं.

"इथलेच का तुम्ही?" तिनं पदरानं तोंड पुसत विचारलं.

"अं… व्हय."

"पाणी कसं आहे?"

"येतं कुठं! आलं तरी रुसून येतं."

"आणि डास?"

"पोत्यानं. लई."

"शेजारपाजार तरी?"

"एकापेक्षा एक भांडखोर," ते म्हणाले, आणि पाईपकडं बघत राहिले.

ज्यांची ती मोटार होती त्या जैतुनबी दारात उभ्या होत्या. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आत टाकी भरून वाहायला लागली आणि त्या तशाच पळाल्या.

मनकर्णा जरा हिरमुसली, तरी घर बघून घेऊ म्हणून आत शिरली. इमारत काकासाहेबांची. वर ते राहायचे, खालचं घर विकायचं होतं. एक खोली, एक स्वयंपाकघर, मागं कपडे वाळत घालायला हातभर अंगण. दारातून बाहेर पाऊल टाकलं की किराणा, भाजीची गाडी, चार पावलांवर डॉक्टर. तिला ते घर पाहताक्षणी आवडलं. तेवढ्यात मागून हात पुसत तेच गृहस्थ आत आले, आणि काकासाहेब म्हणाले, "या साबळे! सकाळी सातपासून थांबलाय ना घर बघायला?"

मनकर्णा गर्रकन वळली. "अस्सं! डास पोत्यानं काय? शेजारी भांडखोर काय? आणि स्वतः सातपासून नंबर लावून?"

रामकिसन साबळ्यांचे कान लाल झाले. "खोटं बोलायची सवय नाय हो मला. घर लई आवडलं होतं… तुम्ही घेऊन जाल अशी भीती वाटली."

"आणि आता?"

"आता…" त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "आता घरासोबत आणखी एक आवडून बसलं. पंचाईत झाली."

ह्या वयात कान गरम होतात हे मनकर्णेला माहीत नव्हतं. तिनं घाईघाईनं पिशवीतून टेप काढला. चाळीस वर्षं तिनं बायकांचे ब्लाउज शिवले होते, टेपाशिवाय ती कुठं जात नसे. "उभे काय राहिलात? ते टोक धरा. शिलाई मशीन बसतंय का बघू खिडकीखाली."

त्यांनी टोक धरलं. भिंत संपली, माप झालं, तरी धरूनच राहिले.

"सोडा आता."

"सोडतो की… घाई काय आहे?"

काकासाहेब खाकरले. त्यांनी मनकर्णेला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही मुलाला घेऊन या. बाईमाणसाशी मी व्यवहार करत नाय. आणि एकट्या बाईला घर द्यायचं म्हणजे… उद्या काही कमीजास्त झालं तर जबाबदारी कुणाची?"

"माझी," मनकर्णा म्हणाली.

"मुलाला घेऊन या," काकासाहेबांनी पुन्हा तेच सांगितलं.

ती तिथून निघाली ती पाय आपटत. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाडीपाशी रामकिसननं तिला गाठलं. दोन कट चहा सांगितले. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, बायको जाऊन सहा वर्षं, सध्या मुकुंदवाडीला पुतण्याकडं. "सूनबाई चांगली आहे," ते म्हणाले, "पण चहाला आलं टाकायचं तरी विचारून टाकावं लागतं. म्हटलं, उरलेली वर्षं आल्याचा चहा स्वतःच्या घरात प्यावा. बरं… तुम्हाला काय म्हणू मी? ताई म्हणायला जीभ वळत नाय."

"मग वळवू नका," ती म्हणाली आणि चहात बघून हसली.

रविवारी मुलगा आला. नानासाहेब नाव, घरात नाना. त्यानं आईला गाडीत घातलं आणि चिकलठाण्याच्या पार पुढं नेलं. बारा मजली इमारती, लिफ्ट, जागोजाग कॅमेरे, गेटवर तीन वॉचमन. "बघ आई, किती सेफ! बाराव्या मजल्यावर एक घर आहे. तुझं-माझं दोघांचं नाव लावू. मला तिकडं निवांत झोप लागेल."

मनकर्णेनं इकडंतिकडं पाहिलं. भाजीवाला नाही, रिक्षा नाही. पाणी टँकरचं. बाल्कन्या भरपूर, पण एकीतही माणूस दिसेना. ती सरळ गेटवर गेली आणि वॉचमनला म्हणाली, "बाबा, बाराव्या मजल्यावरची बाई आठ दिवस खाली उतरली नाय, तर तू काय करशील?"

तो बिचारा गोंधळला. "काय नाय मॅडम. रजिस्टरमध्ये एंट्री नसंल, एवढंच."

"ऐकलंस?" ती नानाला म्हणाली. "झोप तुला लागंल रे. राहायचं मला आहे. माझं दार सकाळी उघडलं नाय तर शेजारणीनं ते ठोकलं पाहिजे. मला हे असलं बिनधोक घर पाहिजे."

नाना चिडला, समजावून थकला, आणि "तुझ्या हट्टापुढं कोण बोलणार!" म्हणत पुण्याला गेला.

चहाच्या गाडीपाशी तिनं दिलेला पत्ता शोधत बुधवारी दुपारी तिच्या दारात रामकिसन उभे. घामाघूम, हातात केळ्यांची फणी. बसले, पाणी प्यायले, आणि मान खाली घालून म्हणाले, "काकासाहेबांनी घर मला द्यायचं ठरवलं. कालच शब्द दिला."

मनकर्णेच्या मनात आलं, चाळीस वर्षांच्या कष्टापेक्षा दोन मिशा भारी पडल्या होत्या! "अभिनंदन," ती कशीबशी म्हणाली.

"ऐका तर! माझ्या मनात आलं, मी माझ्या नावावर घेतो आणि राहायला तुम्ही—"

"साबळे!" ती उभीच राहिली. "तुमच्या नावाच्या आडोशाला राहायचं असतं तर पोराचा आडोसा काय वाईट होता? माझं लग्न झालं तेव्हा घर सासऱ्याचं. मग नवऱ्याचं. तो गेला तर तलाठ्यापासून सगळे म्हणाले, पोराचंही नाव लावा. आयुष्यात एकदा, एकदाच मला माझ्या नावाचं दार पाहिजे. तेवढंही जास्त आहे का?"

डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. रामकिसन उठून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "नाय. जास्त नाय." आणि जाताना दारात थबकले. "ते नुसतं माझ्या मनात आलं होतं. काकासाहेबांना मी कालच सांगून आलोय. म्हटलं, नंबर बाईंचा. त्या नाय म्हणेपर्यंत मला घर नको."

ते गेल्यावर तिनं एक केळं सोललं. माणूस आवडलाय हे तिनं स्वतःशी सरळ कबूल केलं. मग फोन उचलला.

"नाना, उस्मानपुऱ्यातलं घर ठरवलंय. उद्या सकाळी ये. परवानगी मागत नाय, बघायला ये म्हणते."

दुसऱ्या दिवशी त्या गल्लीचा पाण्याचा दिवस होता. मोटारी घरघरत होत्या, सगळ्या बायका बाहेर, पाईप इकडून तिकडं पसरलेले. मनकर्णा गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि वर बघून हाक मारली, "काकासाहेब! खाली या."

काकासाहेब गॅलरीतून म्हणाले, "वर या की बाई."

"नाय. गुडघे दुखतात. म्हणूनच तर तळमजला पाहिजे."

बायका हसल्या. काकासाहेब खाली आले. तेवढ्यात नानाही गाडी लावून आला, आणि जैतुनबींच्या मोटारीशी खटपट करणारे रामकिसन हात पुसत उठले.

"सगळ्यांसमोर सांगा," मनकर्णा म्हणाली, "एकट्या बाईला घर देणार का नाय? मी मशीन चालवून घराचे हप्ते भरले, नवऱ्याचं आजारपण काढलं, ह्या पोराला इंजिनिअर केलं. तेव्हा कुणी म्हणालं नाय, मुलाला घेऊन या. राबताना बाई एकटी चालते, आणि घर घेताना चालत नाय?"

एकेक मोटार बंद झाली. पाणी सोडून गल्ली ऐकत होती, ह्याहून मोठी गोष्ट उस्मानपुऱ्यात नाही!

"मी आपलं काळजीपोटी…" काकासाहेब चाचरले.

"काळजी हम करेंगे ना!" जैतुनबी पुढं आल्या. "मैं भी अकेलीच रैती, पंद्रा साल हुए. इनका दरवाजा नै खुला तो मैं ठोकूँगी. तुम फिकर नको करो."

"पण साबळ्यांना मी शब्द दिलाय."

"आणि मी तो त्याच दिवशी परत दिलाय," रामकिसन म्हणाले.

काकासाहेबांनी गल्लीभर नजर फिरवली. त्यांच्या बाजूनं एक मान हलेना. शेवटी ते म्हणाले, "बरं. कागद उद्या करू."

"एकाच नावानं."

"तुमच्याच. झालं?"

"आई, निदान माझं नाव तरी जोड," नाना कळवळून म्हणाला.

तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "माझ्यामागं तुझंच आहे रे राजा. मी आहे तोवर माझं."

बायकांनी तिला घेरलं. कुणी साखर आणली, कुणी पाणी. रामकिसननं खांद्याला पिशवी अडकवली आणि गर्दीच्या कडेनं म्हणाले, "चला बाई… घर लाभो तुम्हाला. मी निघतो. हडकोकडं एक-दोन जागा आहेत म्हणे, बघून येतो."

मनकर्णेला घर मिळालं होतं, आणि ज्याच्यासोबत त्या घरात आल्याचा चहा प्यावा तो माणूस हडकोला निघाला होता.

"साबळे, थांबा."

ते थांबले. वळून हसत म्हणाले, "काय मालकीणबाई? भाडेकरू ठेवता का?" चेष्टाच केली, पण आवाज कापला.

"भाडेकरू मला नको," ती म्हणाली.

त्यांचं तोंड उतरलं.

"नवरा चालंल."

गल्लीत कुणाचा तरी हंडा निसटला आणि गडगडत गेला.

"आई!" नाना ओरडलाच. "अगं, लोक काय म्हणतील?"

"लोक इथंच उभे आहेत. विचार त्यांना."

नानानं खरंच मान वळवून पाहिलं. सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग तो रामकिसनकडं वळला, आणि रामकिसन नुसते उभे… मिशी थरथरतेय, डोळे भरलेले.

"बोलो ना भाईसाब!" जैतुनबी कडाडल्या. "मुँह में दही जमा क्या?"

"व्हय," रामकिसन पुटपुटले.

"मोठ्यानं," मनकर्णा म्हणाली. "पोरगा पुण्याहून आलाय, त्याला ऐकू जाऊ द्या."

"व्हय!" रामकिसन साबळे गल्ली दणाणून टाकत ओरडले. "व्हय, व्हय, व्हय!"