पूर्णाकाठचा मुक्काम

शेतातून बोरी गावाकडे परतताना उमादेवीची बैलगाडी वळणावर आली, आणि समोर एक भलीमोठी हिरवी मोटार! दोन्हीकडच्या काट्यांना घासत, अख्खी वाट अडवून उभी. बैल बुजले. कासरा आवळत उमादेवी ओरडली,

"कुणाची हो ही? मागं घ्या!"

खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. केसांत बाभळीची पानं, गालावर ओरखडा... आणि तरीही हसू.

"तुमीच घ्या की."

"बैलं उलटी चालत न्हाईत!"

"मग आमालाच उलटं चालावं लागंल," तो म्हणाला.

हा शिवरुद्र, परभणीच्या कापडवाल्याचा मुलगा. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या लिलावात त्यानं ही रुंद गाडी घेतली होती. मागं उघडा हौदा. एरवी त्यात कापडाचे गठ्ठे. सवड मिळाली की तंबू, भांडी आणि बसम्मा आत्या. आत्याला रानात राहायचा भाच्याहून जास्त नाद. आताही ती हौद्यात ऐसपैस बसून शेंगा सोलत होती.

"निघालात कुठं?" उमादेवीनं विचारलं.

"पूर्णेवर. तंबू टाकून राहायला."

"का? घर न्हाई तुमाला?"

"हाय की. पण घरातून आभाळ एवढंच दिसतं..." त्यानं ओंजळ करून दाखवली.

उमादेवीला हसू आलं. ती बैलगाडीत उभी राहून हात हलवू लागली... "डावीकडं... अजून थोडं... बस!" गाडी मागं सरकली. पण तो मागं बघायचं सोडून पुढंच बघत होता.

त्यानंतर ती गाडी बोरीच्या शिवारात वरचेवर दिसू लागली.

"वरच्या अंगाला रुंद रस्ता हाय," एकदा उमादेवीनं सांगितलं.

"ठाऊक हाय मला," तो म्हणाला.

त्या दिवशी तिच्या भाकरी करपल्या.

मग बसम्मा आत्यानं उमादेवीच्या आईला, भागम्माला, सरळच विचारलं. भागम्मानं मान झटकली. "डोक्यावर छप्पर असताना रानात झोपतो, त्याला लेक कशी देऊ? पालमचं स्थळ आलंय. सोमवारी पाव्हणे येतील."

"अव्वा," उमादेवी हळूच म्हणाली, "एकदा त्यांच्यासंगं मुक्कामाला जाऊ. मग तू म्हणशील तसं... पालम तर पालम."

म्हणताच तिला वाटलं, हे बोलायला नको होतं. पण शब्द गेला तो गेला.

पूर्णेच्या काठी बायकांना तंबू मिळाला, शिवरुद्रानं हौद्यात पथारी टाकली. सकाळी नदीवर धुकं तरंगत होतं. भागम्मा पूजेला बसली, तर पलीकडं तोही आंघोळ करून, तळहातावर इष्टलिंग घेऊन, डोळे मिटून बसलेला. न्याहारीला त्याच्या ताटात तिनं न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

परतताना गाडीची चाकं वाळूत रुतली. चौघांत गाडी चालवता येणारा एकटाच, आणि ढकलायलाही तोच हवा!

"बसा चालवायला," तो उमादेवीला म्हणाला. "हा पाय इथं... हळूच सोडायचा... आन हे इस्टेरिंग असं धरायचं." त्याची बोटं तिच्या बोटांवर आली. जरा जास्तच वेळ राहिली.

मागून तिघांनी जोर लावला. गाडी गुरगुरली, थरथरली, आणि एकदम उसळून सुटली! वाळूचा फवारा भागम्माच्या अंगावर. उमादेवी मात्र नदीच्या पात्राच्या कोरड्या बाजूनं भरधाव निघाली... मोठा वळसा घेत, पदर उडत, मोठ्यानं हसत. गाडी वळसा घेऊन जवळ येताच शिवरुद्र धावत आला आणि तिच्या पायरीवर चढला.

"भ्या वाटत न्हाई?"

"न्हाई! लय ग्वाड वाटायलंय! पण थांबवायचं कसं?"

"ते... ते सांगायचंच राहिलं! उमादेवी... माझ्याशी लगीन कराल?"

"करते! आधी थांबवा!"

त्यानं आत हात घालून किल्ली फिरवली. गाडी थांबली. एकदम शांत झालं, नुसतं पाणी ऐकू येऊ लागलं. त्याचा चेहरा उतरला.

"घाईत इचारलं मी. गाडीत अडकलात म्हणून हो म्हणल्या असाल तर..."

उमादेवीनं पदर सावरला. ती त्याच्याकडे वळली.

"आता थांबलीय न्हव का गाडी? मग परत इचारा."

त्यानं विचारलं. या वेळी अगदी हळू.

"हो," ती म्हणाली.

तेवढ्यात केसांतली वाळू झटकत भागम्मा पोचली. आळीपाळीनं दोघांकडे बघितलं. लेकीचा असा उजळलेला चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता.

"पालमला निरोप धाडते," ती म्हणाली. मग तंबूच्या वळकटीकडे बोट दाखवलं. "आन जावायबापू, फुडच्या खेपेला मोठा तंबू आणा. हिच्या बापालाबी संगं आणायचंय."