सरकून घ्या, मंडळी

चंद्रनियंत्रण कक्षाच्या भिंतीवरच्या पडद्यात नऊ चौकटी होत्या. चंद्रतळावरच्या नऊ जणांची नाडी आणि श्वास त्यांत दिसे. दुसऱ्या ओळीतली मधली चौकट शर्वरीची. कक्षप्रमुख विनायकराव केळुसकर आल्या आल्या आधी तिथे बघत. देव्हाऱ्यातल्या मूर्तीची जागा डोळे मिटूनही सापडावी, तशी लेकीची जागा त्यांना पाठ होती.

आणि आज रेवतीने त्या जागाच मोडल्या.

"सरकचौकट बसवलीय, काका," ती तरुण आज्ञावलीकार म्हणाली. "आता ठरलेली जागा कुणाचीच नाही. ज्याचं शरीर नेहमीच्या चालीपासून जितकं ढळेल, तितकी त्याची चौकट मोठी. बाकीच्या आकसतात. सगळं ठीक असेल, तर चौकट मिटून खालच्या पट्टीत नुसता हिरवा ठिपका."

"आणि वरून संदेशच थांबला तर?"

"मग सगळ्यांत मोठी! गप्प झालेल्याची विचारपूस आधी."

विनायकराव खुलले. "अगं, हे तर आमच्या कीर्तनातलं झालं! मंडप गच्च असतो, दारात एखादी थकलेली आजी दिसते, की बुवा अभंग थांबवून म्हणतात, 'मंडळी, थोडं सरकून घ्या!'"

"तिथूनच तर उचललंय. तुम्हीच नेलं होतंत मला," म्हणत रेवतीने चाचणीसाठी त्यांच्याही मनगटावर नाडीपट्टी बांधली.

दुपारी सौरवादळाचा इशारा आला. आठ जण भूमिगत आसऱ्यात उतरले. शर्वरी मात्र चांद्रगाडीत होती, उघड्यावर. तिची चौकट फुगत फुगत भिंतभर झाली. विनायकरावांच्या हाती करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि नाम घेत राहिले.

डोळे उघडले, तर शर्वरीची चौकट नव्हती!

ते ताडकन उठले. दुसरी ओळ, मधली जागा... तिथे ओळच नव्हती. भिंतभर कुणाची तरी लालभडक चौकट धडधडत होती.

"गेली! रेवती, माझी पोर गेली गं!"

"काका, थांबा! काही झालं असतं, तर चौकट मोठी झाली असती. नाहीशी झाली, म्हणजे... अहो, खाली पट्टीत बघा. नऊच्या नऊ ठिपके हिरवे! पोचली ती आसऱ्यात."

विनायकरावांनी बोट लावून ठिपके मोजले. मग पुन्हा मोजले.

"मग एवढी मोठी ही कुणाची?"

रेवतीने ओठ दाबून हसू आवरलं. त्यांनी चष्मा सारखा करून नाव वाचलं : विनायक केळुसकर, पृथ्वी.

तेवढ्यात ध्वनिक्षेपक खरखरला. चंद्रतळावरच्या भिंतीवरही हाच पडदा दिसत होता.

"बाबा," शर्वरीचा आवाज आला, "मी सुखरूप आहे. तुम्ही आधी बसा नि पाणी प्या बघू! तुमच्या चौकटीनं इथली सगळी भिंत अडवलीय. आम्ही नऊ जण बसलोय कोपऱ्यात अंग चोरून. जरा सरकून घ्या की!"

विनायकराव मटकन खुर्चीत बसले, डोळे पुसता पुसता हसू लागले. आणि भिंतीवर त्यांची चौकट हळूहळू सरकून घेऊ लागली.